जुन्या फोर बाय फोरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : बसेल का, चालेल का आणि धंदा होईल का?



गॅरेज व्यवसायाबद्दल बोललं की चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या तरुण मेकॅनिक मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, आमच्याकडे जुन्या जीप, जिप्सी भरपूर आहेत. ॲक्सिडेंट झालेल्या नव्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून त्यात बसवला तर? असं काम करणारं इकडे कोणी नाही. कॉम्पिटिशन शून्य!"

प्रश्न चांगला आहे. व्हिडिओच्या दहा मिनिटांत त्याचं पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आपण तीन गोष्टी बघू. काम नेमकं काय आहे, कायदा काय म्हणतो आणि हिशोब काय सांगतो. तिन्ही समजल्याशिवाय कोणाचा ॲडव्हान्स घेऊ नका. यात तुमचं भांडवल अडकतं आणि गिऱ्हाइकाचा जीवही त्या गाडीत असतो.

आपल्या भागात हा विचार का येतो?

ताडोबाचं उदाहरण घ्या. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा गेटवरून पर्यटक आत जातात ते मुख्यतः मारुती जिप्सीतून. जिप्सी भारतात १९८५ च्या शेवटी आली. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली. नागरिकांसाठी तिचं उत्पादन आता बंद आहे. म्हणजे आज जी जिप्सी पळते, ती दुरुस्त करत करतच पळते. कच्चा रस्ता, कमी वेग, दर शंभर मीटरवर थांबा आणि पुन्हा क्लच. ड्रायव्हरचा डावा पाय आणि क्लच प्लेट, दोन्ही झिजतात.

गडचिरोलीकडे चित्र थोडं वेगळं आहे. आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूला जुन्या महिंद्रा जीप, बोलेरो, कॅम्पर अजून कामावर आहेत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी दर पावसाळ्यात येते. अशा भागात फोर बाय फोर ही शोभेची वस्तू नाही.

दुसरीकडे लोकांनी नव्या गाड्या चालवून बघितल्या आहेत. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारमध्ये सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो. जून २०२३ मध्ये आलेल्या पाच दरवाज्यांच्या जिम्नीत चार गिअरचा ऑटोमॅटिक आहे. एकदा ती सवय लागली की जुन्या जीपचा मालक विचारतोच, "आपल्या गाडीत होईल का हे?"

आधी शब्द नीट समजून घ्या

बाजारात "ऑटोमॅटिक" हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे लोकप्रिय झालेला एएमटी हा खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम त्यात मोटर किंवा हायड्रॉलिक पंप करतो, एवढंच.

आपण बोलतोय तो टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स. त्यात क्लच प्लेटच्या जागी तेलाने भरलेला एक गोल डबा असतो. इंजिनच्या बाजूचं पातं तेल फिरवतं आणि त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सच्या बाजूचं पातं फिरतं. दोन पंखे समोरासमोर ठेवले, एक चालू केला की दुसरा वाऱ्याने फिरू लागतो, तसंच. गाडी जागेवरून उचलताना हा डबा इंजिनचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढवून देतो. म्हणून चिखलात, चढावर ऑटोमॅटिक गाडी धक्का न देता निघते.

जुन्या काळचे ऑटोमॅटिक तेलाच्या दाबावर आणि एका केबलवर गिअर बदलायचे. इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिकमध्ये हा निर्णय एक छोटा कॉम्प्युटर घेतो. त्याला टीसीएम म्हणतात. ॲक्सिलरेटर किती दाबलाय, इंजिन किती फिरतंय, गाडीचा वेग किती, तेल किती गरम, हे सगळं सेन्सरकडून घेऊन तो सोलेनॉइडला हुकूम देतो. गिअर मग बदलतो. हा कॉम्प्युटरच या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. नटबोल्टचं काम त्यामानाने सोपं.

काम नेमकं काय आहे? सात टप्पे

१. योग्य गिअरबॉक्स निवडणं. स्विफ्ट, बलेनोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स इथे उपयोगाचा नाही. त्या गाड्यांत इंजिन आडवं असतं. आपल्याला इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेल्या गाडीचा गिअरबॉक्स लागतो. स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर, हेक्सा, जिम्नी यांचे ऑटोमॅटिक मॉडेल असे आहेत. आणि नुसता डबा घेऊन चालत नाही. टॉर्क कन्व्हर्टर, टीसीएम, वायरिंगचा पूर्ण गुच्छ, लिव्हर, तेलाचे पाईप असा सगळा संच एकाच गाडीचा हवा. भंगारवाला वायरिंग कापून देतो तिथेच अर्धं काम बिघडतं.

२. इंजिनला जोडणं. प्रत्येक इंजिनच्या मागच्या बोल्टची जागा वेगळी असते. मध्ये लेथवर तयार केलेली ॲडॅप्टर प्लेट लागते. फ्लायव्हील काढून पातळ फ्लेक्सप्लेट बसवावी लागते. सेंटर किती जुळलं हे डायल गेजने बघायचं, डोळ्यांनी नाही. इथे एक चूक फार महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टर आतल्या पंपात पूर्ण बसलेला नसताना बोल्ट आवळले की पंप फुटतो. गाडी सुरू व्हायच्या आधीच गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागतो.

३. ट्रान्सफर केसचा प्रश्न. जिप्सी आणि जुनी जीप यांच्यात मोठा फरक इथे आहे. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मागे चेसिसवर बसलेली असते. मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. गिअरबॉक्स बदलला तरी ट्रान्सफर केस जागेवर राहू शकते, मधला शाफ्ट बदलावा लागतो. विलीजच्या वंशातल्या जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केस थेट गिअरबॉक्सच्या शेपटीला बोल्टने जोडलेली असते. नवा गिअरबॉक्स तिला जुळणार नाही. म्हणजे एक तर गिअरबॉक्ससोबतची ट्रान्सफर केस घ्या किंवा आणखी एक ॲडॅप्टर आणि आउटपुट शाफ्ट बनवा. नवी ट्रान्सफर केस घेतली तर तिचं पुढच्या शाफ्टचं तोंड आपल्या पुढच्या ॲक्सलच्या बाजूलाच आहे ना, हे आधी बघा. उलट्या बाजूला असेल तर तो गिअरबॉक्स घेऊच नका.

४. डोकं जुळवणं. नव्या गाडीत टीसीएम एकटा नसतो. इंजिनच्या कॉम्प्युटरशी तो कॅन नावाच्या दोन वायरींवर सतत बोलत असतो. जुन्या डिझेल जीपमध्ये इंजिनला कॉम्प्युटरच नाही. डिझेल पंप लिव्हरवर चालतो. मग टीसीएम विचारतो, "ॲक्सिलरेटर किती?" आणि उत्तर द्यायला कोणी नाही. तो फॉल्ट टाकून एका ठरावीक गिअरमध्ये अडकून बसतो. यावर उपाय म्हणजे पंपाच्या लिव्हरवर थ्रॉटल सेन्सर बसवायचा, इंजिनचा वेग मोजणारा सेन्सर बसवायचा आणि मूळ टीसीएमच्या जागी स्वतंत्र चालणारा कंट्रोलर लावायचा. मग लॅपटॉप घेऊन त्याची सेटिंग करायची. कोणत्या वेगाला, किती ॲक्सिलरेटरला कोणता गिअर, याचा तक्ता स्वतः भरायचा.

५. तेल थंड ठेवणं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळतं आणि घुसळलं की तापतं. सावकाश, लो रेंजमध्ये, वाळूत किंवा चिखलात जास्तच तापतं. ऑटोमॅटिकचं तेल साधारण ८० ते ९५ अंशांत सुखी असतं. १२० च्या पुढे ते झपाट्याने खराब होतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं, हे विसरू नका. पंख्यासह वेगळा ऑइल कूलर आणि तेलाच्या तापमानाचा काटा, हे दोन्ही नसेल तर ते काम अर्धवट आहे.

६. शाफ्ट आणि माउंटिंग. ऑटोमॅटिक डबा बहुतेक वेळा जुन्यापेक्षा लांब आणि जड असतो. ट्रान्सफर केस मागे सरकली की मागचा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो आणि पुढचा वाढवावा लागतो. कापलेला शाफ्ट बॅलन्स न करता बसवला तर कंपनं येतात, जॉइंट तुटतात. मधला क्रॉस मेंबर नव्याने बनवावा लागतो.

७. सुरक्षितता. लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरता कामा नये. रिव्हर्स लाइट लागला पाहिजे. आणि जिप्सीसारख्या गाडीत एक धोका गिऱ्हाइकाला लेखी सांगायचा. पार्कमध्ये फक्त गिअरबॉक्सचा आउटपुट अडकतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिली तर लिव्हर "पी"वर असूनही गाडी उतारावरून घरंगळते. हँडब्रेक लागतोच.

अमेरिकेत हे काम हौशी लोक घरच्या शेडमध्ये करतात, यूट्यूबवर आपण बघतो. त्यामागचं कारण समजून घ्या. जनरल मोटर्सने आपला १९८२ चा ७००-आर-४ गिअरबॉक्स पुढे १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक केला आणि त्याला ४-एल-६०-ई असं नाव मिळालं. तो पिकअप ट्रकमध्ये प्रचंड संख्येने बसला. त्यामुळे तिकडे जुने डबे स्वस्त मिळतात, तयार ॲडॅप्टर मिळतात, स्वतंत्र कंट्रोलर तयार मिळतात आणि सेटिंगचे तक्तेही मिळतात. त्यांच्या हुशारीमागे असा अख्खा बाजार उभा आहे. आपल्याकडे तोच जॉब करताना प्लेटपासून तक्त्यापर्यंत सगळं तुम्हाला स्वतः बनवावं लागेल. धंद्यातला हा मोठा धडा आहे. एखादं काम इकडे कोणी करत नाही याचं कारण कधी कधी संधी असते आणि कधी कधी त्या कामामागचा पुरवठाच नसतो.

जंगलात हे चालेल का?

गिऱ्हाइकाला गाडी शहरात फिरवायची नाही, जंगलात न्यायची आहे. मग त्याच नजरेने तपासा.

फायदे खरे आहेत. सावकाश चालताना क्लच जळत नाही. चढावर गाडी मागे येत नाही. नवशिक्या ड्रायव्हरकडूनही इंजिन बंद पडत नाही.

तोटेही तितकेच खरे. बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. सफारीत सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर, समोर वाघ आणि गाडीतून खाली उतरायला मनाई. ही वेळ डोळ्यांसमोर आणा. गाडी ओढून न्यायची तर चाकं फिरताना आतला पंप फिरत नाही, म्हणजे तेल मिळत नाही, डबा आतून जळतो. ट्रान्सफर केस न्यूट्रल करूनच टोइंग करायचं, हे ड्रायव्हरला शिकवावं लागतं. पाण्यातून जाताना गिअरबॉक्सचा ब्रीदर पाईप उंच नेला नसेल तर तेलात पाणी शिरतं. आणि कनेक्टर ओला झाला की कॉम्प्युटर रुसतो. क्लच वायर तुटली तर आलापल्लीचा मेकॅनिक दोन तासांत गाडी रस्त्यावर आणतो. घरी बनवलेल्या वायरिंगचा फॉल्ट मात्र ज्याने बनवली त्यालाच कळतो. म्हणजे तुम्हालाच. गडचिरोलीपासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर आहे. गिऱ्हाइकाचा फोन आला की तुम्ही जाणार आहात का?

कायदा काय म्हणतो?

इथे बहुतेक जण म्हणतात, "आरसीवर गिअरबॉक्सचा नंबर कुठे असतो? आरटीओला काय कळणार?" आरसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, हे बरोबर. पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही.

• मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. फेरबदल म्हणजे गाडीच्या रचनेत असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. सीएनजी किंवा इलेक्ट्रिकसारख्या वेगळ्या इंधनाच्या मंजूर किटसाठी वेगळी तरतूद आहे.

• ९ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल : केरळमधून आलेल्या प्रकरणात न्यायालयाने हीच गोष्ट ठामपणे सांगितली आणि उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द केला.

• २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-ए : परवानगी नसलेला फेरबदल, पार्ट बसवून केलेला रेट्रोफिटसुद्धा, आढळला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

• आणि गॅरेजवाल्यांनी नीट वाचायचा मुद्दा हा. वाहनाच्या बांधणीचे नियम मोडून फेरबदल करणाऱ्या उत्पादक, आयातदार किंवा डीलरला त्याच कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे. या कायद्यातल्या "डीलर"च्या व्याख्येत वाहन दुरुस्तीचा व्यवसाय करणाराही येतो. म्हणजे "मालकाने सांगितलं म्हणून केलं" हे उत्तर तुम्हाला वाचवेल असं धरून चालू नका.

शिवाय गाडी आरटीओसमोर पुन्हा येतेच. प्रवासी वाहनाला आठ वर्षं झाली की दर वर्षी फिटनेस लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. जुनी फोर बाय फोर म्हणजे बहुतेक या दोनपैकी एका रांगेत उभी असलेली गाडी.

विमा हा तिसरा धोका. न कळवलेल्या फेरबदलावर बोट ठेवून कंपनी क्लेम नाकारू शकते. सफारीच्या गाडीत प्रवासी बसलेले असतात. अपघात झाला तर पहिला प्रश्न येईल, "हे काम कोणी केलं?"

मग सरळ मार्ग आहे का? एखादं किट देशभर विकायचं असेल तर पुण्याची एआरएआय, सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या तपासणी संस्थांकडून मंजुरी घ्यावी लागते. हा खर्च मोठ्या कंपनीला परवडतो, एका गाडीसाठी कोणालाच नाही. दिव्यांग चालकासाठी गाडीत बदल करायला कायद्यात स्वतंत्र जागा आहे, ती आरटीओच्या मंजुरीने वापरता येते. बाकी कोणत्याही जॉबसाठी काम सुरू करायच्या आधी आरटीओला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालतंय" म्हणजे परवानगी नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर न येणारी, ट्रेलरवरून स्पर्धेला जाणारी ऑफ-रोड गाडी ही वेगळी गोष्ट. तिथे हे काम शिकायला हरकत नाही. पण अशी गिऱ्हाइकं तुमच्या तालुक्यात किती, ते बोटांवर मोजून बघा.

हिशोब काय सांगतो?

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या गॅरेजचे आकडे टाकून बघा.

समजा भाडं, लाइट बिल, दोन कारागिरांचा पगार आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याचा खर्च ६०,००० रुपये. महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०० तास. एका तासाचा खर्च पडला ३०० रुपये.

ऑटोमॅटिकचा एक जॉब :

• संच, ॲडॅप्टर, कंट्रोलर, कूलर, शाफ्ट : १,७५,००० रुपये
• पहिल्या जॉबला २०० तास धरले : ६०,००० रुपये
• गाडी परत आली तर त्यासाठी राखीव : २२,५०० रुपये
• एकूण : २,५७,५०० रुपये
• गिऱ्हाइकाने दिले : २,७५,००० रुपये
• उरले : १७,५०० रुपये

आता १७,५०० ला ३०० ने भागा. येतात ५८ तास. म्हणजे एका सेन्सरचा फॉल्ट शोधण्यात आठवडाभर जास्त गेला की महिन्याचा सगळा नफा संपला. आणि त्या महिन्यात गॅरेजमध्ये दुसरी गाडी घेता आली नाही.

त्याच २०० तासांत नेहमीची कामं घेतली तर? क्लच किंवा ट्रान्सफर केसचा एक जॉब आठ तासांचा, असे २० जॉब. ४० तास रिकामे गेले असं धरू. मजुरी प्रत्येकी ३,५०० म्हणजे ७०,००० आणि पार्टवर प्रत्येकी १,००० म्हणजे २०,०००. एकूण ९०,०००. खर्च ६०,००० वजा केला की उरले ३०,०००. पावणेदोन लाखांचा माल अडकला नाही, कायद्याची टांगती तलवार नाही आणि एका गिऱ्हाइकाऐवजी वीस गिऱ्हाइकं खूश.

ऑटोमॅटिकचा जॉब फोटोत भारी दिसतो. पण मी धंदा त्यालाच म्हणतो, जो पुन्हा पुन्हा करता येतो, ज्याचं पक्कं बिल देता येतं आणि ज्याची गॅरंटी देऊन रात्री शांत झोपता येतं.

मग या ज्ञानाचं करायचं काय?

वरचे सात टप्पे पुन्हा वाचा. त्यातला प्रत्येक टप्पा हा एक वेगळा, कायदेशीर आणि विकता येणारा धंदा आहे. नीट बघा.

१. ऑटोमॅटिक गाड्यांची सर्व्हिस. खाणींच्या कामावर, ठेकेदारांकडे, अधिकाऱ्यांकडे आता ऑटोमॅटिक थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर येत आहेत. वॉरंटी संपली की ते बाहेरचं चांगलं गॅरेज शोधतात. तेल बदलणं, स्कॅनर लावून फॉल्ट वाचणं, सोलेनॉइड तपासणं, हे आज शिकलात तर येणारी गर्दी तुमची.

२. सफारी जिप्सीचा पावसाळी ओव्हरहॉल. ताडोबाचा कोअर भाग साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. गाड्यांना काम कमी आणि मालकाला वेळ. क्लच, ट्रान्सफर केस, जॉइंट, ब्रेक, वायरिंग असं ठरलेल्या दरात पॅकेज बनवा. मे महिन्यातच गेटजवळच्या गावांत जाऊन बुकिंग घ्या. १ ऑक्टोबरच्या आधी गाडी तयार देईन, हे तुमचं आश्वासन. तारीख पाळली तर पुढच्या वर्षी बोलावणं येतंच.

३. वायरिंग आणि सेन्सर. जुन्या गाडीत हे काम करणारा हात सगळ्यात कमी मिळतो. भांडवल कमी, मजुरी चांगली.

४. प्रोपेलर शाफ्ट. जॉइंट बदलणं, लांबी बदलणं, बॅलन्सिंग. ट्रॅक्टर, टिप्पर, पिकअप, सगळ्यांना लागतं. बॅलन्सिंग मशीन महाग वाटत असेल तर आधी मोठ्या शहरातल्या वर्कशॉपशी दर ठरवा आणि तुम्ही कलेक्शन सेंटर व्हा.

५. फिरतं गॅरेज. आलापल्ली-एटापल्ली पट्ट्यात गाडीजवळ जाऊन दुरुस्ती करणारा आणि चिखलातून गाडी काढून देणारा माणूस. विंच, चांगला पट्टा, स्कॅनर, निवडक पार्ट. येण्याजाण्याचा दर किलोमीटरप्रमाणे आधीच सांगायचा.

पैसे कुठून? उद्यम नोंदणी मोफत आहे, ती आधी करा. पीएमईजीपी योजनेत सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. अर्ज करताना जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मार्गदर्शन घ्या. लहान सुरुवातीला मुद्रा आहेच. पण प्रकल्प अहवालात "जुन्या गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवणे" असं लिहू नका. "चारचाकी ड्राइव्हलाइन दुरुस्ती आणि इलेक्ट्रॉनिक तपासणी" लिहा आणि खरोखर तेच करा.

एखादं गिऱ्हाईक हट्टच धरून बसलं तर?

"नाही" म्हणायलाही पद्धत असते. त्याला चार प्रश्न विचारा. गाडी रस्त्यावर चालणार की फक्त स्पर्धेत? गाडीत पैसे घेऊन प्रवासी बसणार का? आरटीओ आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर आणाल का? आणि या पैशात तुमच्या गाडीचा क्लच, पंप, स्टीअरिंग, ब्रेक सगळं नवीन करून उरलेल्या रकमेत ऑटोमॅटिक सेकंडहँड गाडीचं डाउन पेमेंट होत असेल तर ते बघायचं का?

चौथ्या प्रश्नावर बहुतेक जण थांबतात. कारण माणसाला गिअरबॉक्स नको असतो, पायाला आराम हवा असतो. कधी कधी नवीन क्लच केबल, चांगली प्रेशर प्लेट आणि नीट बसवलेलं पेडल एवढ्यानेही तो मिळतो. बिल कमी होतं, पण ते गिऱ्हाईक आयुष्यभर तुमचं होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

• तुमच्या २० किलोमीटरच्या परिसरातल्या फोर बाय फोर गाड्या मोजा. मॅन्युअल किती, ऑटोमॅटिक किती, वही करा.
• तुमच्या गॅरेजचा एका तासाचा खर्च काढा. वरची पद्धत वापरा.
• पाच जिप्सी किंवा जीप मालकांना विचारा, "वर्षात गाडी किती दिवस उभी राहते आणि कशामुळे?" जे उत्तर सगळ्यात जास्त वेळा येईल, तो तुमचा पहिला धंदा.
• कलम ५२ आणि १८२-ए स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर धंदा करू नका.

वहीची चार पानं भरली की पुढच्या व्हिडिओत आपण पावसाळी ओव्हरहॉल पॅकेजचे दर कसे ठरवायचे ते बघू. तोपर्यंत हात काळे होऊ द्या, हिशोब मात्र स्वच्छ ठेवा!